किल्ल्यांची वही

दोनशे पानी वही होती, तपकिरी पुठ्ठ्याची. लेबलवर मी लाल स्केचपेननं नाव घातलं होतं : ‘किल्ल्यांची वही’. बाबांनी ती टेबलावर पाहिली तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. पोरं सुट्टीत शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर टिपणं काढताहेत, असा त्यांचा समज झाला. आत रायगड नव्हता आणि राजगडही नव्हता. त्या किल्ल्या कुलपाच्या होत्या. कुठला खेळ कॉम्प्युटरवर टाकताना कुठली वीस-पंचवीस अक्षरं आणि आकडे भरायचे, ते मी ओळीनं उतरवून ठेवलं होतं. दादा त्याला ‘की’ म्हणायचा, कॉम्प्युटरवाला ‘सिरीयल’ म्हणायचा. मी आठवीत होते, मराठी शाळेत होते, म्हणून मी किल्ली लिहिलं.

आमच्या डोंबिवलीच्या घरात 1998 च्या दसऱ्याला कॉम्प्युटर आला. बाबांनी पीएफमधून उचल घेतली होती. असेंबल केलेलं मशीन : पेंटियम एमएमएक्स, 32 एमबी रॅम, पांढरं खोकं, त्यावर आईनं शिवलेलं प्लास्टिकचं कव्हर. झेंडूचा हार घालून पूजा झाली आणि आजीनं मॉनिटरला कुंकवाचं बोट लावलं. कॉम्प्युटर घेतला तो ‘मुलांच्या अभ्यासासाठी’. त्या वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या घरी तो आला, त्यांच्याकडे हेच वाक्य बोललं गेलं असणार. मुलं म्हणजे आम्ही चौघं. दादा अकरावीत, मी, शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकांचा मुलगा सहावीत, आणि त्याची बहीण छोटी, जिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते.

मशीन जोडून देणाऱ्यानं जाताना विचारलं, “गेम टाकून देऊ का?” आणि खिशातून फ्लॉपी काढल्या. चहा होईस्तोवर डेव्ह, वुल्फेन्स्टाइन, डूम आणि प्रिन्स ऑफ पर्शिया आमच्या घरात राहायला आले. यातल्या डूमचा पहिला भाग कुणालाही वाटता यावा म्हणून त्याच्या कर्त्यांनीच 1993 मध्ये मोकळा सोडला होता. सगळ्यांचीच गोष्ट तशी नव्हती. पण आमच्या दृष्टीनं सगळ्या फ्लॉपी सारख्याच काळ्या.

वहीची सुरुवात झाली ती प्रिन्सपासून. पांढऱ्या कपड्यातला तो पोरगा तळघरातून निघतो, तासाभरात राजकन्येपर्यंत पोचायचं असतं. पहिली पातळी संपली की एक खोली लागायची. तिच्यात बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीवर एकेक अक्षर. खाली इंग्रजीत सूचना यायची : अमक्या पानावरच्या अमक्या ओळीतल्या अमक्या शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर आहे, ती पी. कुठलं पान? दादानं सगळा फोल्डर धुंडाळला. कितीतरी दिवसांनी त्याला उलगडा झाला, की विकत घेतलेल्या खेळाबरोबर एक छापील पुस्तिका येते आणि हे पान त्या पुस्तिकेतलं आहे. ज्याच्याकडे पुस्तिका नाही त्यानं खेळ चोरून आणला, असं धरून ती खोली बांधलेली होती. आमच्याकडे पुस्तिका नव्हती, आमच्या ओळखीत कुणाकडेही नव्हती.

मग मी वहीत रकाने आखले. पान, ओळ, शब्द आणि अक्षर. दादा बाटली प्यायचा, मी लिहायची. चुकली तर फुली, दार उघडलं तर बरोबरची खूण. सूचना मोजक्याच होत्या, फिरून फिरून त्याच यायच्या. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तो तक्ता बराचसा भरत आणला. त्या पुस्तिकेतलं एकही वाक्य आम्ही वाचलं नाही आणि तिच्यातल्या शब्दांची पहिली अक्षरं मात्र आम्हाला तोंडपाठ झाली. चौघांनी मिळून पुरं केलेलं ते आमचं पहिलं काम. कुलूप तोडण्याचं होतं, तरी ते आम्ही मन लावून केलं, हेही खरं.

फ्लॉपीचे दिवस लवकर संपले. सीडी आल्या आणि सीडी म्हटलं की लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव आम्ही फक्त पाटीवर वाचलं. डोंबिवलीहून फास्ट लोकलनं दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची गाडी, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. दादा महिन्या-दोन महिन्यांनी जायचा. दोनदा त्यानं मला नेलं, कारण बरोबर बहीण असली की पोलीस अडवत नाहीत असं त्याच्या मित्रांनी सांगितलं होतं. दुकानांत मदरबोर्ड, रॅम, केबली यांचा रीतसर धंदा चालायचा, आणि फुटपाथवर पोरं उभी असायची, पुटपुटत : “सीडी, गेम, सॉफ्टवेअर...” झेरॉक्स केलेली यादी दाखवायची. बोट ठेवलं की पैसे आधी. मग दुसराच कुणीतरी एका जिन्यात गडप व्हायचा आणि दहा मिनिटांनी कागदाच्या पाकिटातली सीडी आणून द्यायचा, वर मार्करनं खेळाचं नाव, स्पेलिंग चुकलेलं. दीडशे रुपये. पुढे शंभर, मग पन्नास. बिल नाही. परतताना दादा ती जर्नलमध्ये घालायचा आणि दादरच्या गर्दीत जर्नल छातीशी धरून उभा राहायचा. त्या रस्त्याचं नाव पुढे अमेरिकी सरकारनं काढलेल्या बदनाम बाजारांच्या यादीत गेलं, हे मला फार नंतर वाचायला मिळालं.

घरी आल्यावर विधी ठरलेला. खेळ इन्स्टॉल करायचा, किल्ली मागितली की मी वहीतून वाचायची, दादा टाइप करायचा, काकांचा मुलगा शून्य आणि ओ यांत गल्लत होत नाही ना ते बघायचा. मग सीडीतलं ‘क्रॅक’ नावाचं फोल्डर उघडायचं, आतली फाइल कॉपी करून खेळाच्या फोल्डरमध्ये पेस्ट करायची. रिप्लेस करायचं का, असं मशीन विचारायचं. हो म्हणायचं काम छोटीचं. तिनं एंटर दाबलं की खेळ सुरू. हे का करायचं, ते मला कॉलेजात कळलं. कंपन्या सीडीवर मुद्दाम खराब भाग ठेवत, साध्या ड्राइव्हवर त्यांची नक्कल उतरत नसे. खेळ सुरू होताना ते भाग जागेवर आहेत का ते तपासलं जाई. सेफडिस्क, सेक्युरॉम ही त्या कुलपांची नावं. क्रॅक म्हणजे तीच फाइल, फक्त तपासणी काढून टाकलेली.

काही सीडींमध्ये किल्ली तयार करणारा छोटा प्रोग्रामच असायचा. तो उघडला की पीं-पीं असं एक संगीत सुरू व्हायचं, आठ-दहा सुरांचं, भन्नाट. स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, “आलं का रे ते तुमचं गाणं?” आईला आजही त्यातलं एक गुणगुणता येतं. सोबत एक मजकुराची फाइल असायची, अक्षरं आणि रेघा जुळवून काढलेल्या चित्रांची, जिच्यात कुलूप फोडणाऱ्या टोळीचं नाव झळकायचं. रेझर 1911 ही नॉर्वेत 1985 मध्ये निघालेली, फेअरलाइट 1987 मधली, स्वीडनची. आम्हाला ही नावं क्रिकेटच्या संघांसारखी पाठ होती. त्यातल्या पुष्कळ फाइलींच्या शेवटी एक वाक्य असायचं : खेळ आवडला तर विकत घ्या. मी ते वाक्य वहीत उतरवलेलं नाही. बाकी सगळं उतरवलेलं आहे.

आता 26 एप्रिल 1999. सोमवार होता, परीक्षा संपल्या होत्या, सांगलीहून आत्याची मुलंही आलेली. दुपारी खेळता खेळता मशीन अडकलं. बंद करून पुन्हा चालू केलं तर पंखा फिरतोय आणि पडदा काळा. ना अक्षर, ना आवाज. रात्री टीव्हीवर बातमी आली, जगभर मशीनं पडली होती. तैवानमधल्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस, चेर्नोबिलच्या अपघाताच्या तारखेला उठणारा. तो हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि काही मशीनच्या बायोस चिपवरही कचरा लिहायचा. आमचं त्यातलंच एक. कॉम्प्युटरवाल्यानं खोकं उघडलं, मान हलवली आणि म्हणाला, “गेमच्या सीडीतून आलाय.” आमच्याकडे सीडी दुसऱ्या कुठल्या नव्हत्याच.

त्या डिस्कवर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत होता. बाबा बँकेतून येऊन, जेवून, रात्री दहानंतर तो टाइप करत. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. राजापूरपासून निघालेल्या शाखा, कोण कुठे दत्तक गेला, कोणत्या साली कुठलं घर मोडलं, आजोबांच्या पत्रांतून, पोस्टकार्डांतून वेचलेलं. छापून काढलेली चाळीस पानं तेवढी उरली. बॅकअप हा शब्द तोवर घरात कुणी उच्चारला नव्हता. आज अशी डिस्क निष्णात माणूस बरीचशी वाचवेल, तेव्हा आमच्या माहितीत तसं कुणी नव्हतं. बाबा आम्हाला एका शब्दानंही बोलले नाहीत. ती चाळीस पानं त्यांनी मोजली, पिशवीत घातली आणि पिशवी कपाटात वरच्या खणात ठेवली. छोटी पलंगाखाली जाऊन बसली होती. एंटर आपण दाबलं, म्हणून.

मशीन जूनमध्ये दुरुस्त होऊन आलं. जुलैत दादा पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेला. हे मी लपवणार नाही. बाबांनी पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करायला घेतलं, ज्या मराठी फॉन्टवर ते टाइप करत त्याचंही बिल आमच्याकडे नव्हतं, आणि सकाळी त्याच मशीनवर आम्ही खेळत होतो. ओरिजिनल खेळाची किंमत आठशे-नऊशे, कधी हजाराच्या वर. बाबांचा तेव्हाचा पगार मला ठाऊक आहे. त्यांनी आम्हाला तो घेऊन दिला नसता, आणि आम्ही मागितलाही नसता. हे कारण खरं होतं. पण आम्हाला ते एकदाही सांगायची वेळ आली नाही, कारण विचारलंच कुणी नाही. कायद्याला मात्र आमचा हा उद्योग ठाऊक होता. कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीनं 63-ब कलम आलं. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्टाला कैद टाळता येते. आमची वही म्हणजे पानोपानी त्या कलमाखालचा पुरावा होता आणि ती बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या टेबलावर पडलेली असायची.

2003 मध्ये व्हाइस सिटी आला. आमच्याकडे आला तो ‘रिप’ होऊन, म्हणजे एका सीडीत मावावा म्हणून छाटलेला. त्या खेळात गाडीत बसलं की रेडिओ लागतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं. स्टेशनाचं नाव पडद्यावर यायचं आणि शांतता. आम्हाला वाटलं, खेळ असाच आहे. मग छोटीनं रेडिओ व्हायचं ठरवलं. दादानं गाडी चोरली की ती मागे उभी राहून गायची, त्या वर्षीची सिनेमातली गाणी, शाळेच्या गॅदरिंगची, एकदा तर भीमरूपी म्हटली. समुद्रकिनारी संध्याकाळ, गुलाबी आकाश, आणि मागे छोटीचा आवाज. लोडशेडिंग झालं की गाडी, समुद्र, शहर सगळं एका क्षणात जायचं आणि ती अंधारात गाणं पुरं करायची.

आठ वर्षांनी पुण्यात मैत्रिणीच्या खोलीवर तो खेळ ओरिजिनल पाहिला. गाडीचं दार लागलं आणि गाणं सुरू झालं. ऐंशीच्या दशकातली गाणी, निवेदक, जाहिराती, तासन्‌तास चालेल एवढं. मी खुर्चीत बसून नुसती ऐकत राहिले. कुणीतरी वर्ष-वर्ष बसून हे रचलं होतं आणि आमच्यापर्यंत येताना कुणीतरी ते कापून टाकलं होतं. आपल्याला आख्खा खेळ फुकट मिळाला असं आम्ही समजत होतो. तसा तो कधीच मिळाला नव्हता.

कुलवृत्तांत अखेर 2009 मध्ये छापून झाला. तीनशे प्रती, बाबांनी स्वखर्चानं काढल्या, किंमत छपाईपुरती दीडशे रुपये. लॅमिंग्टन रोडच्या सीडीएवढीच. नातलगांना पत्रं गेली. सत्तर-ऐंशी प्रती गेल्या. पुढच्या वर्षी एका लग्नात एका काकूंनी बाबांना कौतुकानं सांगितलं, “फार छान झालंय हो पुस्तक. आम्ही एक घेतलं आणि सहा घरांत झेरॉक्स वाटल्या.” बाबा हसले, नमस्कार केला. घरी आल्यावर त्यांनी पलंगाखालचे गठ्ठे बाहेर ओढले, मोजले आणि परत आत सारले. मी दारात उभी होते. अकरा वर्षांपूर्वी मोजलेली चाळीस पानं मला आठवली. काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना पुस्तक खरंच आवडलं होतं. आम्हालाही खेळ खरंच आवडले होते.

मला एका बाबतीत मात्र या खेळांच्या कंपन्यांचा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. कुलपं नेहमी पैसे भरणाऱ्याच्याच वाटेत आली. आम्ही क्रॅक टाकून मोकळे व्हायचो. ज्यानं हजार रुपये दिले त्याला दरवेळी सीडी शोधून ड्राइव्हमध्ये घालावी लागे, तिला ओरखडा पडला की खेळ गेला. पुढे 2015 मध्ये विंडोज 10 आली तेव्हा सेफडिस्कला लागणारी आतली व्यवस्था सुरक्षेच्या कारणानं तिच्यातून वगळली गेली, आणि त्या कुलपाच्या विकत घेतलेल्या सीडी नव्या मशीनवर मुक्या झाल्या. त्या पुन्हा चालवायला बहुतेकदा क्रॅकच लागतो. स्वतः विकत घेतलेल्या पेटीचं कुलूप तोडणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. आमची गोष्ट ती नव्हती. आम्ही दुसऱ्याची पेटी उघडत होतो.

आणि ती पेटी कुणाची, हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली. प्रिन्स ऑफ पर्शिया जॉर्डन मेकनर या एका माणसानं लिहिला. 1985 ला करायला घेतला, 1989 ला पुरा झाला. हे नाव खेळ सुरू होताना पडद्यावर दरवेळी यायचं आणि आम्ही दरवेळी स्पेसबार दाबून ते उडवायचो. तो पांढऱ्या कपड्यातला पोरगा इतका खऱ्यासारखा पळतो, उडी मारतो, कठड्याला लटकतो, कारण ती एका खऱ्या पोराची पळापळ आहे. मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पार्किंगच्या जागेत पळायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि चौकट चौकट गिरवून घेतली. संगीत त्यांच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. त्या खेळाचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, हरवला असं सगळे धरून बसले होते. 2012 मध्ये वडिलांनाच कपाटात जुन्या फ्लॉपींचं खोकं सापडलं, त्यात तो निघाला, आणि मेकनरनं तो सगळ्या जगाला मोकळा करून दिला.

भाऊ, भाऊ आणि वडील. घरातल्या माणसांनी मिळून केलेली वस्तू होती ती. आम्ही चौघं टेबलाभोवती दाटीनं बसून ज्याची किल्ली शोधत होतो, ते आमच्यासारखंच एक घर होतं. हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो आता टोरांटोला असतो. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, “बाबांना सांगितलंस का?”

जॉर्डन मेकनरनं आपल्या घराण्यावर एक चित्रपुस्तक केलं आहे, ‘रीप्ले’. इंग्रजीत ते 2024 मध्ये निघालं. आजोबांनी लिहून ठेवलेल्या आठवणी, नाझींच्या धाकानं व्हिएन्नातून बाहेर पडलेले लहानगे वडील आणि खेळ रचणारा नातू, अशा तीन पिढ्यांची हकीकत. आपल्या भाषेत सांगायचं तर कुलवृत्तांत. गेल्या दसऱ्याला आम्ही चौघांनी वर्गणी काढून ते बाबांसाठी मागवलं. बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. भिंग लावून रोज चार पानं वाचतात आणि पेन्सिलीनं वंशावळ काढत जातात. कागद हवा म्हणून त्यांनी माझ्याकडे वही मागितली. किल्ल्यांच्या वहीची मागची साठेक पानं कोरी होती. ती वही मी त्यांना दिली. मेकनरांची वंशावळ तिच्यातच आहे आणि पुस्तकाचं बिल बाबांनी पहिल्या पानाला टाचणीनं लावून ठेवलं आहे.